बॅटरी गेल्याची बातमी

चहा घ्या, आणि हसायचं तेवढं आत्ताच हसून घ्या. नंतर मला तोंड दाखवायला जागा उरणार नाही. कारण मी माझ्या धडधाकट बायकोला मारून टाकलं. तेही कॉलेजच्या ग्रुपवर, सगळ्यांसमक्ष!

मेधा आणि मी नागपूरच्या एकाच इंजिनिअरिंग कॉलेजातले. तेव्हा तिला असा जाडजूड चष्मा होता की अख्खा वर्ग तिला 'बॅटरी' म्हणायचा. इकडे ओटावात आल्यावर तिनं डोळ्यांचं ऑपरेशन केलं. चष्मा गेला, आणि माझ्या डोक्यातून ते नावही गेलं.

वर्गाच्या डोक्यातून नव्हतं गेलं. हे मला कळायला हवं होतं की नाही?

पण मला तेव्हा मोटरसायकलशिवाय काही सुचतच नव्हतं. पन्नाशीत लोक गुडघे सांभाळतात, मी बाईक घेतली! आमच्याकडे सहा महिने बर्फ, म्हणजे बाईक गराजमध्ये झाकलेली आणि तिची बॅटरी काढून बेसमेंटमध्ये. मधूनमधून ती चार्जरला लावायची असते. हिवाळाभर मी इतरांना यावर प्रवचनं झोडली आणि माझी लावायला साफ विसरलो.

बर्फ वितळला, आणि नेमका तेव्हाच मेधाला फ्लू झाला. ग्रुपवर कोणीतरी चौकशी केली. मी लिहिलं, 'मेधा तापानं आडवी आहे. मला लागण नको म्हणून बेसमेंटमध्ये झोपते.'

दुसऱ्या दिवशी सकाळी बॅटरी वर आणली, बाईकला जोडली, बटण दाबलं. टिक टिक टिक... ठप्प! मन मोकळं करायला ग्रुपवर लिहिलं, 'बॅटरी गेली.'

नागपूरहून बंड्याचा मेसेज लगेच. 'काय सांगून राहिला बे सुध्या? कधी?'

'नक्की माहीत नाही. बेसमेंटमध्येच होती. आज बघितलं तर एकदम गार.'

'अरे देवा! काही प्रयत्न केला का नाही?'

'दोनतीनदा केला. जरा टिकटिक झाली, मग गप्प.'

पाठोपाठ 'ॐ शांती', हात जोडलेले, डोळ्यातून पाणी काढणारे चेहरे. एकानं लिहिलं, 'फार गुणी होती.' मला गहिवरून आलं हो! म्हटलं, माझ्या बाईकचं दुःख इतकं कळणारे मित्र कोणाला मिळतात?

सुषमानं विचारलं, 'सुधीर, आता तू एकटा कसा रे राहणार?'

मी म्हटलं, काय गोड चेष्टा करते! लिहिलं, 'एकटा कशाला? दुपारी जाऊन नवीन आणतो. उन्हाळा थोडाच वाया घालवायचा?'

मग बंड्यानं लिहिलं, 'याच्या डोक्यावर परिणाम झाला आहे. जवळ कोण राहतं? ताबडतोब जा.'

जवळ म्हणजे लव्हाल गावातला विलास. आमच्याच वर्गातला. दोन तास गाडी हाणत आला. मी नुकताच दुकानातून परतलो होतो, नवीन बॅटरी कडेवर घेऊन ड्राइव्हवेत उभा. विलासनं मला बॅटरीसकट मिठी मारली आणि हमसून हमसून रडायला लागला. हातात पिठलं-भाताचा डबा!

'कुठे आहे रे ती?' त्यानं विचारलं.

'कोण, जुनी? दुकानात दिली. ते ठेवून घेतात.'

'दुकानात?' विलास दोन पावलं मागे सरकला.

'हो, वितळवून शिसं काढतात म्हणे. ही बघ नवी! हिला काही देखभाल लागत नाही.'

'सुध्या, तू माणूस आहेस का रे?' विलास ओरडला. 'आमची मेधा गेली आणि तू...'

'मेधा? कुठे गेली?'

तेवढ्यात गराजचं आतलं दार उघडलं. शाल गुंडाळलेली, केस विस्कटलेली मेधा. 'अरे विलास, तू? रडतोयस का? आत ये ना.'

विलास मटकन खाली बसला. कडेला उरलेल्या बर्फाच्या ढिगावर.

मग आत टेबलावर मेधानं पिठलं-भात खात ग्रुपवरचा एकेक मेसेज मोठ्यानं वाचला. लोकांनी तिच्याबद्दल लिहिलेलं वाचताना तिचे डोळे भरून आले. मग माझं वाचलं. 'उन्हाळा थोडाच वाया घालवायचा?' हे तिनं दोनदा वाचलं. डोळे लगेच कोरडे!

'सुधीर,' ती शांतपणे म्हणाली, 'घरात माणूस गेलंय. तेराव्यापर्यंत गाडीला हात लावायचा नाही.'

'अगं, पण तू तर...'

'सुतक म्हणजे सुतक.'

विलासनं लगेच मान डोलावली. लबाड!

आणि त्याच आठवड्यात काय लखलखीत ऊन पडलं म्हणून सांगू! रस्त्यानं जो तो बाईक काढून सुसाट. मी गराजसमोर खुर्ची टाकून झाकलेल्या गाडीकडे बघत बसायचो.

एक दिवस शेजारचा ब्रायन बाईकवर बसून, हेल्मेट घालून आला. 'हे सुधीर! इतकं छान वेदर, आणि तू राइडला नाहीस?'

'नाही रे,' मी म्हटलं, 'डेथ इन द फॅमिली.'

त्यानं घाईघाईनं हेल्मेट काढलं. 'ओह, आय ॲम सो सॉरी! कोण गेलं?'

मेधा अंगणात झाडांना पाणी घालत होती. मी निमूटपणे तिच्याकडे बोट दाखवलं.