भावाला दिलेली बाटली
सुई टोचायच्या आधी स्पिरिटचा वास आला की मला साताऱ्यातली लष्कराची भरती आठवते. माझा धाकटा भाऊ उसाच्या मोळ्या एकटा उचलायचा, कधी आजारी नव्हता. पण स्पिरिटच्या दिव्यावर त्याची लघवी तापवताच ती दुधासारखी नासली आणि डॉक्टरनं मूत्रपिंडात खोट असल्याचं सांगून परत धाडलं. फौजेतून निवृत्त झालेले वडील म्हणाले, "लढाईला भ्यालास व्हय रं?" म्हणून पुढच्या भरतीला त्यानं माझी लघवी बाटलीतून लपवून नेली. परत आला तो माझ्याकडं बघेना. "आक्का, तुझीबी नासली. आता तूबी मिरजेला चल," एवढंच म्हणाला. वडील आम्हा दोघांना मिरजेच्या दवाखान्यात घेऊन गेले, तिथं दोघांच्याही मूत्रपिंडात तीच खोट निघाली. भाऊ त्याच दुखण्यानं तिशीच्या आत गेला. मी ऐंशीची झाले तरी अजून कुठं दुखत नाही, आणि याची मला लाज वाटते.