अकरा मुठी

रंभाकाकीच्या शेतात पाणी उभं होतं आणि लावायला हात नव्हते.

जानेवारी अर्धा सरला होता. रोप तयार होऊन चार दिवस झाले, पानांची टोकं पिवळी पडायला लागली. काकी बांधावर बसून नुसती बघत होती. सरपंच होऊन तिला तिसरं वर्ष लागलं होतं. या तीन वर्षांत ती जेवढी दमली, तेवढी तीस वर्षांच्या शेतीत दमली नव्हती.

कोलाड आणि रोह्याच्या मधल्या त्या गावात बायकांची सावड फार जुनी. आज माझ्या शेतात तुम्ही, उद्या तुमच्या शेतात मी. मजुरी नाही, आमंत्रण नाही. जिची पाळी असेल तिनं आदल्या संध्याकाळी दारोदारी जाऊन उंबऱ्याशी रोपांची एकेक मूठ ठेवायची. आतल्या बाईनं मूठ उचलून पाण्यात उभी केली, की सकाळी ती येणार. बारा घरांची ही सावड काकीनं सासूच्या मागे वीस वर्षं सांभाळली. पावसाळ्यात तिची स्वतःची लावणी नेहमी सगळ्यांच्या शेवटी.

याच सावडीनं दोन वर्षं शेताकडे येणारा पोटकालवा उपसला. गाळ काढला, झुडपं तोडली, हाताला घट्टे पडले. पाणी काही आलं नाही. वरचा दरवाजा गंजून बसलेला, तो फावड्यानं थोडाच उघडणार! पाटबंधारे खात्यात गेलं की विचारायचे, तुम्ही कोण? ग्रामपंचायतीचं पत्र कुठाय? आणि पंचायतीत पत्र द्यायला कोणाला सवड नसायची.

तेवढ्यात सरपंचपद बायकांसाठी राखीव झालं. बायकांनी काकीला घोड्यावर बसवली. समोरच्या पॅनेलनं उभी केली प्रणिताला. काकीच्या बांधाला बांध असलेली, सावडीत सगळ्यांत चपळ हाताची. काकी सत्तावीस मतांनी निवडून आली. रोह्याच्या इतक्या खेपा घातल्या, की कचेरीतला चहावाला न विचारता बिनसाखरेचा चहा आणायचा. शेवटी दरवाजा बदलला. यंदा पहिल्यांदा उन्हाळी भाताला पाणी आलं.

पण गेल्या पावसाळ्यात तिच्या लावणीला एकही बाई आली नव्हती. मजूर आणून कसंबसं उरकलं.

"त्यांनी मत नाय दिलं, हात काय देतील?" बाबाजी, तिचा नवरा, तेव्हापासून म्हणत होता. "गावाचं भलं करायला गेलीस. बस आता."

तिलाही तसंच वाटत होतं. मनातल्या मनात रोह्याच्या ग्रामदैवताला, धावीर महाराजांनाच ती विचारायची, माझं चुकलं तरी काय?

त्या दुपारी पंचायतीचा शिपाई गुणाजी बांधावर कागद घेऊन आला. शुक्रवारी दोन वाजता रोह्याला पाण्याच्या पाळ्यांची बैठक होती. कागद देऊन तो घुटमळला.

"काकी, एक बोलू? पावसात तू मिटिंगला गेलीस, तवा मुठी माझ्या हातून धाडल्यास. सावडीतली जनूकाकी म्हणाली, शिपायाच्या हातची मूठ म्हंजे नोटीस. कोणी उचलल्याच नाय."

"आणि हे तू मला आज सांगतोस?"

"तू घरात सापडतेस कधी?"

काकीनं कागद कमरेला खोचला. तिला मत देणाऱ्या बायकाही आल्या नव्हत्या, हे तिच्या आत्ता ध्यानात आलं. उन्हं कलल्यावर तिनं रोप उपटलं, अकरा मुठी बांधल्या, देवाचं नाव घेतलं आणि अनवाणी निघाली.

दहा घरी ती काही बोलली नाही. तिलाही कोणी काही बोललं नाही. अकराव्या घरी प्रणिता दारातच तांदूळ निवडत बसली होती.

"काय गो काकी, आज शिपाय रजेवर?"

"शिपाय पंचायतीचा. मूठ माझी हाय."

"मी तुला मत नाय दिलेलं."

"ठाऊक हाय. मला कशी देशील? तूच उभी व्हतीस. आणि मी आज मतं मागत नाय फिरत."

प्रणिताला हसू आलं, ते तिनं सुपात दडवलं. मूठ उंबऱ्याशी तशीच राहिली. काकी घरी येऊन न जेवता आडवी झाली.

सकाळी चौघी आल्या. त्यांतली जनूकाकी कंबर धरत आली. उन्हं वर आल्यावर पाचवी आली, प्रणिता. पदर खोचून सरळ चिखलात उतरली.

"माझी पाळी शुक्रवारी. येशील ना? का तुझी मिटिंग?"

काकीच्या हातातलं रोप थांबलं. बैठकीला नाही गेलं तर पाणी वरची गावं घेणार. शेतात नाही गेलं तर ही मूठ शेवटची.

"दुपारपर्यंत तुझ्याकडं लावीन. तिथनं तशीच रोह्याला जाईन, चिखलाच्या पायांनी."

"पाय धुवून जा गो. नायतर लोक म्हणतील, यांचा सरपंच बघा."

'यांचा' म्हणाली, म्हणजे स्वतःचाही. काकीनं ते ऐकलं आणि खाली वाकली.

बारा बायकांचं काम सहाजणींच्यानं होईना. दिवस मावळला तेव्हा अर्धं शेत हिरवं झालं होतं, अर्धं तसंच पाण्याखाली होतं. सहा घरांच्या उंबऱ्यांवर मुठी सुकल्या होत्या. काकीनं हात धुतले आणि उद्यासाठी पुन्हा सहा मुठी बांधायला घेतल्या.