वाळवंटात घेतलेलं नाव

जर्मनीत वाळवंट आहे असं सांगितलं, की सांगलीची माझी भावंडं अजूनही हसतात. पण आहे. बर्लिनच्या दक्षिणेला, पाइनच्या जंगलाच्या मधोमध, रणगाड्यांच्या सरावाने झाडंझुडपं उखडून गेलेलं एक प्रचंड मैदान. सैन्य गेलं, वाळू राहिली. आसपासच्या गावांतले लोक त्याला वाळवंटच म्हणतात. उन्हाळ्यात तिथे चार दिवस कलेचा आणि गाण्याबजावण्याचा उत्सव भरायचा. हजारो माणसं तंबू घेऊन यायची आणि ज्याला जे मांडायचं ते तो वाळूत मांडायचा.

फुटबॉलच्या वर्ल्ड कपनंतरच्या उन्हाळ्यात मी तिथे गेले ती सासूबाईंची हमाल म्हणून. सासूबाई जर्मन. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेल्या, सासरे गेल्यापासून एकट्या. त्यांनी जुन्या चादरी रंगवून चाळीस काठ्यांना बांधल्या होत्या. वारा डोळ्यांना दिसावा, एवढीच त्यांची कल्पना. माझा नवरा डार्मश्टाटला कामात अडकला होता, त्यामुळे गाडी, काठ्या आणि त्याची आई असं सगळं माझ्या ताब्यात आलं.

आमच्यात भांडण कधीच नव्हतं. पण डार्मश्टाटच्या आमच्या घराचा खालचा मजला रिकामा होणार होता, आणि त्यांनी तिथे राहायला यावं असं मला मनापासून वाटत होतं. विचारलं की त्या म्हणायच्या, "माल शाउएन." म्हणजे बघू. जर्मन माणसाचं 'बघू' आपल्या 'बघू'सारखंच असतं. ते नाहीच्या पलीकडच्या आळीत राहतं.

आणि मी काय करत होते? लग्नाला तीन वर्षं झाली तरी मी त्यांना एकदाही हाक मारली नव्हती. पहिल्याच भेटीत त्यांनी हात पुढे करून आपलं पाळण्यातलं नाव सांगितलं होतं आणि म्हणाल्या होत्या, मला याच नावाने हाक मार. तिकडे हा मोठा मान असतो, हे मला माहीत होतं. पण सासूला नावाने हाक? नवऱ्याला मी पहिल्या दिवसापासून अरे-तुरे करते, ते जिभेला कधी जड गेलं नाही. पण माझ्या आईने तिच्या सासूचं नाव जन्मात उच्चारलं नाही. रेशनकार्डाच्या वेळी कारकुनाने विचारलं, तर तिने ते कागदावर लिहून दाखवलं होतं. मी पदार्थविज्ञानात डॉक्टरेट करणारी बाई, पण त्या एका बाबतीत आईच्या पुढे काही मला जाता आलं नाही.

मग युक्त्या. बोलायचं असलं की जवळ जाऊन खाकरायचं. फोनवर "हॅलो, मी बोलतेय." वाढदिवसाच्या कार्डावर "प्रिय" लिहून पुढे नावाच्या जागी फूल काढायचं. मला वाटायचं, कोणाच्या लक्षात येतंय!

तिसऱ्या दिवशी दुपारी वावटळ उठली. आमच्या शेजारी एक गृहस्थ घोटाभर वाळूत बसून पियानो वाजवत होते, त्यांनी घाईघाईने त्यावर ताडपत्री ओढली. सासूबाई हातोडी घेऊन पलीकडच्या काठ्यांच्या गाठी आवळायला गेल्या होत्या. बघता बघता सगळं पिवळं झालं आणि हात लांब केला तर हात दिसेना. काठ्या कडाकडा वाकत होत्या. एखादी त्यांच्या डोक्यात पडली तर?

मी बोंबलले, "अहो! अहो, खाली बसा!"

तेही मराठीत. एक दाढीवाला तेवढा मला धडकून थांबला आणि विचारून गेला, काही हवंय का. मी पुन्हा "अहो!" करत आंधळ्यासारखी पुढे गेले. ते नाव माझ्या दातांपर्यंत आलं होतं आणि तिथेच अडकलं होतं. स्वतःचा इतका राग मला क्वचित आला असेल.

धूळ खाली बसली तेव्हा त्या माझ्यापासून दहा पावलांवर होत्या. डोक्यावर ओढणीसारखा रुमाल, मांडीवर हातोडी, केसांत वाळू. दोन काठ्या आडव्या झाल्या होत्या, बाकी उभ्या.

"लागलं का?" मी विचारलं.

"नाही." मग म्हणाल्या, "तू ओरडत होतीस ते ऐकलं मी. कोणालाही मारावी अशी हाक मारत होतीस. मला नाही."

मी त्यांच्याजवळ गेले.

"तीन कार्डं आहेत माझ्याकडे," त्या म्हणाल्या. आवाज शांत होता, वर्गात मुलांना समजावतात तसा. "तीन फुलं. नाव एकदाही नाही. मी मुलाला विचारलं नाही, उगाच तुमच्यात वाद नको. पण जिला माझं नावही तोंडात नको, तिच्या खालच्या मजल्यावर मी कशाला येऊ?"

मला रडूच आलं. वाळूने डोळे आधीच चुरचुरत होते, त्यामुळे लपवायला सोपं गेलं. मग मी त्यांच्याशेजारी बसले आणि सगळं सांगितलं. आईचं, रेशनकार्डाचं. म्हटलं, आमच्याकडे ज्यांचा मान ठेवायचा त्यांचं नाव घेत नाहीत. लाज वाटते म्हणून नाही, जपायचं असतं म्हणून.

त्या म्हणाल्या, "पण लग्नात तू माझ्या मुलाचं नाव घेतलं होतंस. सगळ्या बायका टाळ्या वाजवत होत्या. मी बघितलं आहे."

"तो उखाणा. कवितेत गुंफून घ्यायचं. तसं घेतलेलं चालतं."

"आल्झो," त्या म्हणाल्या. म्हणजे, असं आहे तर. "त्याला कविता. आणि मला फूल."

मी उठले आणि पडलेली काठी उभी करायला लागले. लग्नातला उखाणा मावशीने पाठ करून दिलेला होता. स्वतः मी कधी दोन ओळी जुळवल्या नव्हत्या. गाठ मारता मारता यमक शोधत होते. अखेर ओढणी खांद्यावरून नीट घेतली, त्यांच्यासमोर उभी राहिले आणि सांगलीच्या हळदीकुंकवात म्हणतात तसं ठसक्यात म्हटलं:

"वाऱ्याला दिला रंग, वाळूला दिली सावली,
… चं नाव घेते, ही माझी इथली माउली."

टिंबांच्या जागी तेव्हा नाव होतं. इथे लिहायला हात धजत नाही, त्याला इलाज नाही. यमक घासून गुळगुळीत झालेलं, आणि ताडपत्री काढता काढता पियानोवाले गृहस्थ टक लावून बघत होते. माझे कान तापले होते.

सासूबाईंना मराठी कळत नाही. त्या नुसत्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

"त्यात मी होते," त्या म्हणाल्या.

"हो."

"परत म्हण."

मी परत म्हटलं. या वेळी नाव घेताना जीभ अडखळली नाही. पियानोवाल्यांनी टाळ्या वाजवल्या, का ते त्यांनाही माहीत नसावं. सासूबाई उठल्या, गुडघ्यांवरची वाळू झटकली आणि मी रोवलेली काठी हलवून बघितली. ती सैल होती. हातोडीने दोन ठोके देऊन त्यांनी ती घट्ट बसवली.

"त्या खालच्या घराला मागे अंगण आहे ना?" माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं. "या चाळीस काठ्या ठेवायला जागा लागेल मला."