हॉयटचा पाच मासोळ्यांचा झुबका

परवा तुझा बाप दुकानातून ते घेऊन आला ना, पाच तारांचं, प्रत्येक तारेला एकेक रबरी मासोळी लोंबणारं, तेव्हा मला हसूच फुटलं. म्हणाला, "आई, हे नवीन निघालंय बास मासा धरायला." मी त्याला म्हणलं, "नवीन कुठलं रे मेल्या! तुझ्या बापानं तीस वर्षांमागं मागल्या शेडात बसून केलं होतं ते. माझं सॉसपॅन त्यापायी गेलं. तू तेव्हा नोकरीच्या गावी, तुला काय ठाऊक?"

तर लिही, पोरी. मला लिहिता येत असतं तर तुला बसवलं नसतं. तिसरीत असताना कापूस वेचायला शाळेतून काढलं, ते परत कोणी नेऊन घातलं नाही.

तुझा आजा हॉयट. उंच, काटकुळा, कान असे पुढं आलेले, की वारा सुटला तर उडून जाईल वाटायचं. बोलायचा कमी. मोज्यांच्या गिरणीत मशीन दुरुस्तीला होता. दीडशे मशिनी एकदम खडखडायच्या, त्यातनं हा लांब दाराशी उभा राहून सांगायचा, "सत्तावीस नंबरची सुई मोडली." आणि मोडलेलीच असायची. मी जोड्या लावायच्या टेबलावर. मोजा मोज्याला लावून बघायचा, लांबी, टाच, रंग. जरा फरक दिसला की सेकंडच्या पेटीत. आमच्या टेबलावर मशीन नव्हतं एकही, तरी हा दिवसातनं चारदा पाना घेऊन यायचा. शेवटी वर्नाबाई, आमची मुकादम, म्हणालीच, "हॉयट, टेबलाचे पाय घट्ट करून झाले असतील तर हिला विचार एकदाचं, आणि जा."

विचारलं मग त्यानं.

शनिवार म्हणजे होडी. ती ठरलेलीच. धरणाचं पाणी आमच्या घराच्या खाली लागतं. हा एकच रबरी अळी लावायचा गळाला आणि तळाशी सोडून बसायचा. अळीवर मासा येतो तो आपटत नाही, तोंडात घेतो फक्त, पोरानं चोरून साखर घ्यावी तसा. तंगुसाच्या दोरीवर बोट ठेवायचं आणि तेवढं टक् कळलं पाहिजे. हॉयटला कळायचं. लोक म्हणायचे, हॉयटला मासा मनात आणतो तेव्हाच कळतं.

अठ्ठावन्नाव्या वर्षी, ऑक्टोबरात, सकाळी न्याहारीला बसलेला, हातातला कप पडला. मी म्हणलं, "धड धर की." त्यानं माझ्याकडं बघितलं आणि तोंड एका बाजूला गेलं. उजवी बाजू गेली बघ. पाय आला परत, थोडा ओढत का होईना. हात आला नाही. म्हणजे लोंबायचा, हलायचा, पण बोटांना काही कळत नव्हतं. गरम का गार, ते पण नाही.

थंडीत एकदा एकटाच होडी घेऊन गेला. डाव्या हातानं गळाची काठी फिरवायला गेला आणि गेला पाण्यात. नशीब, कमरेएवढंच पाणी होतं धक्क्याजवळ, आणि डॉयल तिथं होता. डॉयल म्हणजे हॉयटचा धाकटा भाऊ. आवाज मोठा, पोट त्याहून मोठं. त्यानं याला ओढून काढला, घोंगडीत गुंडाळून माझ्या स्वयंपाकघरात आणून बसवला आणि तिथंच सुरू झाला.

"तू बुडशील, हॉयट. ही तुला धरायला जाईल, हिला पोहता येत नाही, ही पण बुडेल. मग मी दोन खड्डे खणत बसू का? माझी कंबर बघ!"

"तुला होडी पाहिजे, ते सांग की."

"हो, पाहिजे! विकायला नाही, माझ्या गोठ्यात ठेवायला. तुझ्यापासनं लांब."

हॉयटनं डाव्या हातानं घोंगडी आवळली. दात वाजत होते त्याचे. मग म्हणाला, "एप्रिलचा पहिला शनिवार. तोवर एक जरी बास माझ्या हातानं काढला नाही, तर गाडीमागं गाडा लावून ये, होडी ने."

आमच्याकडं दिलेला शब्द म्हणजे झालं. कागद नंतर. मला वाटलं, आता होडी गेली. आणि होडी गेली तर हा माणूस खिडकीशी बसून राहील आणि एक दिवस तिथंच सुकेल. ते मला बघायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी हॉयट म्हणाला, "मला कळायला नको असा मासा पाहिजे."

म्हणलं, "म्हणजे?"

"अळीवरचा मासा कळावा लागतो. पण शॅड मासोळ्यांचा थवा पळत असला की बास त्यावर असा आदळतो, की मढ्याला पण कळेल. मला एक मासोळी नको. थवा पाहिजे. एका दोरीवर."

मग काय! गावातल्या आमिषाच्या दुकानात डबा ठेवला, फाटक्यातुटक्या रबरी अळ्या त्यात टाका म्हणून. त्या आणून माझ्या चुलीवर, माझ्या सॉसपॅनमध्ये वितळवायच्या. घरात तीन दिवस बाहुली जाळल्याचा वास. एक खरी शॅड बर्फातनं काढून प्लास्टरमध्ये दाबली, साचा केला. हा ओतायचा, मी कात्रीनं कडा कापायची. पांढऱ्याशुभ्र, वीतभरापेक्षा कमी, शेपटीला हात लावला की थरथरायच्या.

तारांसाठी आधी माझी काळी छत्री मोडली, मयताला न्यायची. तिच्या पाच काड्या, पाच मासोळ्या. पाण्यात ओढली तर गरगर फिरून सगळ्यांची एक झाली. मी म्हणलं, "वेणी छान घातलीस. आता रिबीन बांध." तो हसला नाही. दुसऱ्यांदा गिरणीतनं स्प्रिंगची तार आणली आणि पुढं शिशाचा गोळा बसवला. ते झालं लोढण्यासारखं. डाव्या हातानं भिरकावलं, ते मागं आलं आणि माझी टोपी घेऊन पाण्यात गेलं. टोपीला एक पण मासा लागला नाही, ते सांगते.

तिसऱ्यांदा गोळा लाकडाचा केला, देवदाराचा, शिसं थोडंच. तारा आखूड. भिरकवायचंच नाही असं ठरवलं; विहिरीत बादली सोडतात तसं खालनं झुलवून सोडायचं. काठीचं बूड काखेत, आणि उजवं मनगट दोरी गुंडाळायच्या चरखीच्या मुठीला बांधायचं. कशानं? मोज्याच्या वरच्या ताणणाऱ्या पट्टीनं. खांद्यापासनं फिरवला हात की चरखी फिरायची. मी होडीच्या मागं मोटरीशी. म्हणजे मोटर पण मी शिकले, त्या वयात.

आणि चालायला लागलं ते! पाण्यात बघितलं तर खरंच पाच मासोळ्या शाळा सुटल्यासारख्या निघाल्यात. आम्ही त्याला झुबका म्हणायचो.

पण मासा लागेना. पुलाच्या दगडांशी पाणी नितळ असतं, मी वाकून बघायची. बास यायचे, दोन-दोन, तीन-तीन, झुबक्याच्या मागं मागं यायचे होडीपर्यंत आणि वळून जायचे. जसं काही दुकानात शिरून भाव विचारून गेले. तीन आठवडे हेच. हॉयट घरी यायचा, आणखी ओतायचा. आणखी नेटक्या, आणखी सारख्या. एखादीत बुडबुडा आला, शेपूट वाकडी झाली, रंगात जुनी पिवळी अळी मिसळली, की मीच उचलून बादलीत टाकायची. तोही बघायचा आणि मान हलवायचा. तीस वर्षं दोघांनी तेच केलेलं. दोन सारखे असतील तरच जोडी, नाहीतर सेकंड. आमच्या डोक्यात दुसरं येणार कुठनं?

तो शनिवार उजाडला. डॉयल दुपारी गाडा घेऊन येणार होता. आम्ही सकाळीच पुलाशी गेलो. वारा होता, गार. दोन तास झाले. मग झुबका दगडात अडकला, आणि ओढून काढला तर मधली मासोळी गेलेली. जादा मासोळ्यांचा डबा बघितला, रिकामा. माझ्या कोटाच्या खिशात कात्री होती, आणि कात्रीबरोबर एक बादलीतली टाकाऊ कशी कोण जाणे आलेली. पिवळट, साच्याबाहेर सांडून बोटभर लांब झालेली, शेपूट एका अंगाला मुरडलेली.

"ही लावू?"

"ती सेकंड आहे, झेल्मा."

"मग काय, मधली तार नुसतीच फिरवतोस?"

त्यानं असं तोंड केलं, जसं मालकानं खराब माल पास करायला सांगितल्यावर करायचा. पण लावू दिली. सोडला झुबका. चार मासोळ्या सरळ चाललेल्या आणि मधली ही आपली मागं राहिलेली, लंगडत, डुगडुगत. मी मनात म्हणलं, आमच्या कोंबडीच्या पिलांत ससाणा नेमकं असलंच उचलतो.

तेवढं मनात येतंय तोवर काठी वाकली. अशी वाकली, की काखेतनं निसटतेय! मी हातजाळं घेऊन उठले तर ओरडला, "हात लावू नकोस! बस खाली!" झटक्यानंतर इतका मोठा आवाज पहिल्यांदाच ऐकला मी त्याचा. मी बसले. स्वतःच्या हातांवरच बसले, खरं सांगते, नाहीतर राहवलं नसतं. तो खांदा फिरवतोय, फिरवतोय, मासा एकदा पाण्याबाहेर उडाला, तोंड उघडून, सगळे गळ खुळखुळले. मग हा गुडघ्यावर बसला, काठी मांडीखाली दाबली आणि डावा अंगठा माशाच्या तोंडात घालून वर उचलला. सहा पौंडाची मादी, पोट अंड्यांनी भरलेलं. पिवळी मासोळी जबड्यात.

हॉयट हसला. वाकडंच हसला, तोंड तसंच होतं अजून. पण हसला.

आणि मग गळ काढला, हात खाली नेला, आणि मादी पाण्यात सोडून दिली.

आमच्याकडचे बासवाले वसंतात अंड्यांची मादी ठेवत नाहीत. चाळीस वर्षांची सवय. हातानं त्याला विचारलंच नाही. शेपटीचा एक फटका, आणि गेली.

दोघं पाण्याकडं बघत बसलो.

"हॉयट."

"हं."

"डॉयलला काय दाखवायचं आता?"

"हं," म्हणाला. मग पिवळी मासोळी हातात घेऊन, "तीस वर्षं आपण चांगली तीच टाकून देत होतो काय गं?"

"मोजे वेगळे. मोज्याला मासा लागत नाही."

धक्क्याला आलो तर डॉयल गाडा लावून उभा. हॉयटनं सांगितलं. डॉयलनं ऐकून घेतलं.

"कुठाय मग?"

"सोडला."

"वा! आणि केवढा होता? थांब, सांगू नकोस. सोडलेला मासा घरी येईपर्यंत वाढतो."

"सहा पौंड," मी म्हणलं.

"झेल्मा, तू त्याची बायको आहेस."

"मी जोड्या लावणारी आहे, डॉयल. तीस वर्षांत एक खोटी जोडी माझ्या टेबलावरनं गेली नाही."

त्यानं डोकं खाजवलं. हॉयट होडीत परत जाऊन बसला आणि मनगटाला पट्टी बांधायला लागला. दातांनी. डॉयलनं मदतीला हात पुढं केला, मी डोळ्यांनीच नको म्हणलं. मग तोही बसला होडीत. होडी त्याच्या बाजूला खाली गेली.

दोन तास फिरलो. मासा? एक नाही. एक मागं आला, बघून गेला. डॉयलनं मध्येच काठी मागितली, दोन धडधाकट हातांनी झुबका असा फेकला की थेट पुलाच्या खांबाला. हॉयट म्हणाला, "तिथं कोळी राहतात, मासे नाहीत." पण जास्त वेळ डॉयल पाण्याकडं बघतच नव्हता. हॉयटच्या खांद्याकडं बघत होता, कसा फिरतोय ते. होडी हलली की हा कसा गुडघा टेकतो ते. माझा मोटरीवरचा हात बघत होता. एकदा मी वळण आखूड घेतलं, तर म्हणाला, "हळू, कप्तान."

परत आलो. हॉयट धक्क्यावर उभा राहिला, दोर हातात, द्यायला तयार. शब्द होता ना. मासा दाखवता आला नव्हता.

डॉयल आपल्या गाडीकडं गेला, दार उघडलं, सीटमागनं दोन केशरी तरंगायची जाकिटं काढली आणि एकेक करून आमच्याकडं फेकली. एक मोठं. एक लहान, पोरांच्या मापाचं.

"तुझ्या मापाचं नव्हतं, झेल्मा," म्हणाला. "हे बसेल तुला. बंद लावल्याशिवाय पाण्यात गेलात तर मी परत येईन."

दुकानाच्या चिठ्ठ्या अजून लोंबत होत्या दोन्हीला. म्हणजे घरनं निघतानाच त्यानं ती गाडीत टाकलेली, आमच्या माशाचं काही कळायच्या आधी. हॉयटला ते दिसलं का नाही, मला माहीत नाही. तो दोर परत खुंट्याला बांधत होता, एका हातानं, आणि गाठ नीट बसेना म्हणून शिव्या घालत होता. डॉयलचा रिकामा गाडा रस्त्यानं खडखडत वर गेला. मी जाकीट घालून बघितलं. बरोबर बसलं.