अपिलाला माणूस हजर पाहिजे

आमच्या काल्हेरच्या बाजूला तेव्हा एक बोलायची रीत होती. एखाद्या घरातला पुरुष बरेच दिवस दिसला नाही आणि कुणी चौकशी केली, की घरातली बाई सांगायची, "ते अपिलावर हायेत." जसा काही माणूस रजेवर गेलाय. खरी गोष्ट अशी असायची, की खालच्या कोर्टात शिक्षा झालेली, वकिलाने ठाण्याच्या वरच्या कोर्टात अपील टाकलेलं, आणि माणूस स्वतः मामाकडे नाहीतर मेहुण्याकडे, शहापूरच्या आत कुठेतरी जाऊन राहिलेला. कोर्टात वकिलाने उभं राहायचं आणि माणसाने लपायचं, अशी कामाची वाटणीच होती. मी लग्न होऊन भिवंडी गावातून इथे आले तेव्हा मला याचं फार हसू यायचं. पुढे आमच्याच घरावर पाळी आली आणि हसू कुठल्या कुठे पळालं.

आमचे हे ट्रक चालवायचे. लूमवाल्यांचं सूत आणायचं, कापडाच्या गाठी पोचवायच्या. मी गावात बालवाडी चालवायचे. नव्वद साल उलटून गेलं होतं. एका सकाळी, लूमची रात्रपाळी सुटायच्या वेळेला, धामणकर नाक्याच्या पुढे यांच्या गाडीखाली सायकलवरचा एक कामगार आला आणि त्यातच गेला. उत्तरेकडचा माणूस, ड्युटी संपवून खोलीवर निघालेला. हे गाडी तिथेच सोडून पळाले आणि चौकीत जाऊन हजर झाले. ड्रायव्हर लोकांचं शास्त्रच आहे ते. उस्ताद हातात स्टिअरिंग देण्याआधी शिकवतो, की अपघात झाला तर उतरून बघत बसू नकोस, चौकी गाठ. जमाव जमला तर कोर्टात उभं राहायला तू शिल्लक राहणार नाहीस. केस चालली. भिवंडीच्या कोर्टाने सहा महिन्यांची शिक्षा सुनावली, आणि अपील करायला मुदत देऊन तेवढ्यापुरतं जामिनावर सोडलं.

आम्ही वकिलांकडे गेलो ते जुन्याच समजुतीने. कागदावर सही करायची, फी द्यायची आणि यांना मामाकडे पाठवून द्यायचं. वकिलांनी बोटाचा चुना टेबलाच्या कडेला पुसला आणि म्हणाले, "आता तसं चालत नाही. नियम बदललाय. नुसत्या वकीलपत्रावर अपील घेत नाहीत. अपिलाला माणूस हजर पाहिजे, जामीनदार बरोबर पाहिजे. मगच जजसाहेब कागद हातात घेणार."

"आणि हातात घेऊन जामीन नको म्हणाले तर?" मी विचारलं.

"तर तिथूनच आत."

"आनि मी गेलोच न्हाय तर?" यांनी विचारलं.

"तर अपीलच नाही. मुदत संपली की वॉरंट निघेल. मग घरी येऊन नेतील."

मला असा संताप आला, की त्या नियम करणाऱ्याला बोलावून आमच्या ओट्यावर बसवावं आणि विचारावं, बाबा रे, तुझ्या घरचं कुणी आहे का यात? शेळीने आपल्या पायांनी खाटकाच्या दारात जायचं आणि म्हणायचं, जरा माझी मान बघून घ्या! आता या वयात कळतं, की पळून राहणाऱ्यांना आळा बसावा म्हणून केलं असेल, त्यात चुकीचं काही नव्हतं. पण तेव्हा मला फक्त तो दरवाजा दिसत होता, ज्यातून हे आत जातील आणि बाहेर येतील की नाही ते कुणी सांगू शकत नव्हतं.

मग ते भीतीचे दिवस. रस्त्याला जीपचा आवाज आला की हातातलं लाटणं थांबायचं. शेजारच्या गोडाऊनवर येणाऱ्या प्रत्येक गाडीला आमची कुत्री भुंकायची आणि प्रत्येक वेळी सासूबाई दाराशी जाऊन बघून यायच्या. बालवाडीत पोरं चोर-पोलीस खेळायला लागली तर मी ओरडून तो खेळच बंद केला. ती बिचारी माझ्या तोंडाकडे बघत राहिली. हे कामावर जात नव्हते. ओट्यावर बसून सुतळीचा तुकडा उलगडायचे आणि परत वळायचे.

सगळं घर एका बाजूला झालं. चुलत दीर म्हणाले, "वैनी, दादाला मामाकडं धाडा. नियम आज हाय, उद्या न्हाय." सासूबाईंनी तर जेवण टाकलं. "वाघाच्या तोंडात हात घालून कोन परत आला हाय का? जिता हाय तवर लपून ऱ्हाऊ दे माझा पोर."

मी एकटीच म्हणत होते, जाऊ दे त्यांना ठाण्याला. आज लपले तर जन्मभर लपतील. घरात असूनही नसल्यासारखे होतील, पोलिसाची टोपी दिसली की मागच्या दाराने शेतात जातील. हे मी तोंडाने ठणकावून सांगायचे, पण रात्री वेगळंच मनात यायचं. मी पाठवलं आणि ते अडकले, तर या घरात मला पाणी तरी कुणी विचारलं असतं का? आणि दुसऱ्यांचं सोडा, मी स्वतःला काय तोंड दाखवलं असतं?

मुदत संपत आली तेव्हा एका सकाळी हे आंघोळ करून बाहेर आले आणि म्हणाले, "चल." कुठे ते सांगितलं नाही. मी पिशवी घेतली. आम्ही हमरस्त्यावर येऊन उभे राहिलो. एका बाजूने गाड्या ठाण्याला जायच्या, दुसऱ्या बाजूने भिवंडीला, आणि भिवंडीहून पुढे मामाच्या गावची एस.टी. मिळायची. भिवंडीची एक रिक्षा येऊन थांबली, रिक्षावाल्याने दोन सीट म्हणून हाक दिली. हे एक पाऊल पुढे गेले. मी पिशवी घेऊन जागीच उभी राहिले. मग ते मागे आले, रस्ता ओलांडला आणि ठाण्याच्या गाडीला हात केला. तेव्हा मला हायसं वाटायला हवं होतं, पण गाडीत चढताना मला फक्त तो दरवाजाच दिसत होता.

कोर्टाच्या व्हरांड्यात गेल्यावर कळलं, की नव्या नियमाने आजवर लपून राहिलेले सगळे बाहेर काढलेत. प्रत्येकाबरोबर बायको नाहीतर आई, आणि प्रत्येकीच्या मांडीवर एक पिशवी. उघडून बघायची गरज नव्हती. माझ्याही पिशवीत तेच होतं: टॉवेल, साबण, बदलायला कपडे. कुणी कुणाच्या पिशवीकडे बघत नव्हतं. जामीनदार म्हणून यांचे ट्रकमालक आले होते, ते सारखे घड्याळ बघत होते.

शिपायाने यांच्या नावाचा पुकारा केला. हे आत गेले तसा भिंतीला टेकलेला एक हवालदार सरळ झाला आणि यांच्या शेजारी जाऊन उभा राहिला. वकील बोलले, सरकारी वकील उठून जामीन नको म्हणाले, जजसाहेब पानं उलटत राहिले. मग ते म्हणाले, जेवणानंतर. सगळे उठले. हवालदाराने यांच्या दंडाला हात लावून त्यांना बाजूच्या खोलीत नेलं. जाताना यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

मी व्हरांड्यातल्या बाकावर येऊन बसले. शेजारी एक बाई होती, डोक्यावरून पदर घेतलेली, माझ्याच वयाची. तिने मला पाण्याची बाटली दिली. "आपके आदमी का केस है?" तिने विचारलं.

"हां."

"हमारा तो रहा नहीं," ती म्हणाली. "भिवंडी में ट्रक के नीचे आया. हम तब मुलुक में थे, आखरी बार मुँह भी नहीं देखा. देवर बोले, आज वो डरायवर खुद आएगा, अब आना पड़ता है."

मी बाटली तोंडापासून खाली घेतली. वाटलं, उठून जावं. वाटलं, ही आत जाऊन जजसाहेबांसमोर रडली तर यांचा जामीन गेलाच. तोंडावर आलं होतं, की माझा नवरा दुसऱ्याच केसमध्ये आहे. पण तिची बाटली माझ्या हातात होती. मी म्हणाले, "वो मेरे ही हैं."

ती ओरडली नाही. नुसती माझ्याकडे बघत राहिली, मग पिशवीकडे. "एक बात पूछनी है उनसे," ती म्हणाली. "बस, और कुछ नहीं."

जेवणानंतर जामीन झाला. अपील निकालात निघेपर्यंत शिक्षा थांबवली, एवढंच मला कळलं. हे बाहेर आले तेव्हा कपाळावर घाम होता आणि चेहरा पांढरा पडलेला. माझं रडू फुटायच्या बेतात होतं, पण ती बाई उठून आमच्या समोर उभी राहिली. ती कोण, ते मी हलक्या आवाजात यांना सांगितलं.

तिने विचारलं, "आखिर में उसने कुछ कहा था?"

मला वाटलं, हे सांगतील की तो जागच्या जागी गेला. मला तेच सांगितलं होतं, चौकीत तेच, वकिलांना तेच. यांनी कपाळावरचा घाम पुसला. मग म्हणाले, "मैं रुका नहीं, बहनजी. भाग गया था."

"तो वो अकेला था," ती म्हणाली. पदर सारखा केला, बाटली घेतली आणि जिन्याशी थांबलेल्या तिच्या दिराच्या मागोमाग उतरून गेली.

आम्ही घरी पोचलो तेव्हा ट्रकमालकांकडून बातमी आधीच आलेली होती. अर्धी आळी अंगणात जमली होती. सासूबाई भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी हात वर केला, तसा यांनी तो धरला. "आये, माझ्यावरून नको ओवाळू."

"का रं? सुटून आलास ना?"

हे माझ्याकडे वळले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "तो जागच्या जागी गेला न्हवता. मी पळताना मागं बघितलं. हात वर करून बोलवत होता."