बाईंची मांजर आणि रविवारचं दही

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार आहेत ते माझ्या शाळेतल्या बाईंचे. भूकंपात आमचं घर पडलं, तेव्हा त्यांनी मला लातूरला आपल्या घरी ठेवून शिकवलं. आमच्या घरात पदवी घेणारा मी पहिला. पुढे कितीतरी वर्षांनी, गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी नांदेडला लेकीकडे जाताना त्यांनी आपली मांजर त्यांच्याच गल्लीत राहणाऱ्या माझ्यावर सोपवली.

ती इतकी लठ्ठ होती की चालताना धापा टाकायची. वजन उतरलं नाही तर ती फार जगणार नाही, असं जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. दूध-पोळी बंद, फक्त कच्चं चिकन, तेही तोलून. मी ग्रॅमही इकडचा तिकडे होऊ देत नव्हतो, तरी वजन वाढतच होतं. मी रडकुंडीला आलो.

एका रविवारी कारण दिसलं. गल्लीतली क्लासची पोरं दर रविवारच्या परीक्षेला निघताना दही-साखर खात होती आणि उरलेलं तिच्यापुढे ठेवत होती.

"अरे, मरंल ना ती!"

"सर, तिनं चाटलं तरच पेपर सोपा जातो. बाईच म्हणायच्या की!"

बाईंना फोनवर ऐकू येत नाही. त्याच दुपारी मी त्यांना पत्र लिहिलं:

"बाई, पोरं माझं ऐकत नाहीत. मांजरीनं चाटल्याशिवाय पेपर सोपा जात नाही, हे तुम्ही गमतीनं म्हणाला होतात, तेवढं मागे घ्या. तुमच्या हातच्या दोन ओळी पाठवा, मी दारावर लावतो. लवकर पाठवा. आज मांजरीला एक पायरीही चढता आली नाही."