परत आलेली भाऊबीज

माणसांच्या नकला करणं हा माझा जन्माचा नाद. सावेडीपासून श्रीरामपूरपर्यंत नात्यातल्या कुठल्याही लग्नात जेवणं आटोपली की कुणीतरी माझ्या हातात माईक देतं, आणि मी तो लवकर परत देत नाही. तलाठी, भटजी, घोड्यावर बसायला घाबरलेला नवरदेव, सगळे माझ्या अंगात येतात. भाचीच्या साखरपुड्यात मी दाजींची, म्हणजे ताईच्या नवऱ्याची नक्कल केली. दाजी बोलताना अडखळतात. व्याह्यांना 'बसा' म्हणताना ते 'ब'वर कसे अडकतात आणि तोवर व्याही बिचारे उभेच कसे राहतात, हे मी करून दाखवलं. मांडव लोटपोट झाला. इतका रंगलेला प्रयोग माझा दुसरा नाही.

दुसऱ्या दिवशी पुणतांब्याहून ताईचा फोन आला.

"सगळे हसले. हे मात्र रात्री जेवले न्हाईत. तू आता माझ्या दारात येऊ नको."

जाऊन माफी मागायला हवी होती. मी भाऊबीजेला मोबाईलवरून पाचशे एक रुपये पाठवले. तिच्या खात्याचा फॉर्म मीच भरला होता, त्यामुळे खातेक्रमांक आणि गावातल्या शाखेचा आयएफएससी कोड माझ्याकडे होता. चार अक्षरं, एक शून्य आणि पुढे सहा आकडे. एवढं टाकलं की पैसे बरोबर त्या शाखेत पोचतात. दार बंद, पण कोड उघडा, असं मी बायकोला हातवारे करून सांगायचो. ताईचं उत्तर कधी आलं नाही, पण पैसेही परत आले नाहीत. म्हणजे ओवाळणी घेतली. चार भाऊबीजा आमचं नातं तेवढ्यावर चाललं.

पाचव्या वर्षी पैसे परत आले. मेसेजमध्ये पुढे कोडबद्दल काहीतरी इंग्रजी होतं, ते मी वाचलंच नाही. ताईने खातं बंद केलं, एवढं मला कळलं.

"अहो, बँकेत विचारा तरी," बायको म्हणाली.

"काय विचारू? माझ्या बहिणीने मला टाकलंय का, हे कारकुनाला विचारू?"

"मग ताईंना फोन करा."

"तिने ओवाळणी परत केलीय. आता कुठल्या तोंडाने करू?"

पुढच्या दोन भाऊबीजांना मी काही पाठवलं नाही. मानी माणसाची भूमिकाही मला चांगली जमते.

गेल्या हिवाळ्यात दाजींचा फोन आला. सकाळी चहा ठेवताना ताई पडली, ती गेलीच. तिच्या दहाव्यानंतर दाजी मला श्रीरामपूरच्या शाखेत घेऊन गेले. तिच्या खात्याचे कागद भरायचे होते, आणि फॉर्म भरणारा घरात मीच.

"हे खातं चालू आहे?" मी काउंटरवरच्या मुलीला विचारलं.

"चालूच आहे काका. पुणतांब्याची शाखा इकडे विलीन झाली ना, तेव्हा कोड तेवढा बदलला. जुन्या कोडवर पाठवलं की पैसे परत जातात."

"कधी बदलला?"

तिने सांगितलं. माझे पैसे परत आले, तेच वर्ष.

"तिथं शाखेच्या दारावर कागद लावला होता," ती म्हणाली. "गावात सगळ्यांना माहीत होतं."

बाकावर बसून मी दाजींना सगळं सांगितलं. त्यांनी ताईचं पासबुक उघडलं आणि ते बोलायला लागले. त्यांचं अडखळणं मी इथे लिहीत नाही.

"भाऊबीज झाली की ती पासबुक भरून आणायची. तुमची ओळ आली का बघायला. शाखा इकडं आली तवापासून एसटीनं हितं यायची. तीन बारी आली. काय छापून आलं न्हाई."

"काय म्हणाली?"

"म्हनली, त्याला राग आलाय. मीच येऊ नको म्हनले ना. म्या म्हनलो, फोन कर. तर म्हनली, ओवाळणी बंद केली त्यानं, आता कसं करू."

मी मोबाईलमधला तो जुना मेसेज शोधून त्यांच्यापुढे धरला. त्यांनी तारखेवर बोट ठेवलं.

"पाठवले हुते म्हंजी तुमी."

"त्या वर्षी पाठवले. पुढची दोन वर्षं नाही पाठवले."

दाजी उठले आणि पुन्हा काउंटरवर गेले.

"बाई, एवढी एक ओळ छापता का ह्याच्यात? तारीख हाय आमच्याकडं."

मुलीने मेसेज वाचला, पासबुक बघितलं.

"काका, पैसे खात्यात आलेच नाहीत ना. मग ओळ कशी येईल?"

दाजी मान हलवत ऐकत होते. पासबुक त्यांनी काउंटरवर उघडंच धरलं होतं. मागे रांग वाढली, म्हणून मी ते मिटायला गेलो. त्यांनी मिटू दिलं नाही.